पूर येतो तेव्हा आभाळ कोरडं असतं

बोट्सवानाच्या मोरेमी गेम रिझर्व्हमधल्या पक्ष्यांबद्दल कधीचं लिहायचं होतं, आज जमतंय. तिथला पूर म्हणजे आपल्यासारखा पाऊस पडला आणि नदी फुगली असं नाही, पाऊस पडतो वर अंगोलात, ते पाणी सपाट जमिनीवरून इतकं सावकाश येतं की ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात, म्हणजे जिथे मोरेमी आहे तिथे, पोचायला काही महिने लागतात आणि जून ते ऑगस्टमध्ये, ऐन कोरड्या दिवसांत, सगळीकडे पाणीच पाणी.

मग पाणी ओसरायला लागलं की मासे छोट्या डबक्यांत अडकतात आणि करकोच्यांची मेजवानी सुरू होते. पिवळ्या चोचीचे करकोचे, मराबू करकोचे, सगळे याच सुमारास पाण्यातल्या उंबराच्या बेटांवर दाटीवाटीने घरटी करतात, पिल्लांना खाऊ घालायचा हाच काळ ना!

पण माझा जीव अडकलाय तो आफ्रिकन स्किमर या पक्ष्यामध्ये. खालची चोच वरच्यापेक्षा लांब, ती पाण्यात बुडवून उडता उडता मासे पकडतो. अंडी मात्र उघड्या वाळूवर घालतो, म्हणजे पाणी उतरून वाळू वर आल्याशिवाय घरटंच नाही, आणि मोटरबोट जोरात गेली तर तिच्या लाटेनेसुद्धा अंडी वाहून जातात. तिकडे जाणार असाल तर बोटवाल्याला वाळूजवळ हळू घ्यायला सांगा, प्लीज.