खंभातच्या गाळातून प्लँक्टन काढताना : माझा अनुभव

पुस्तकातल्या प्लँक्टनला, म्हणजे पाण्यासोबत वाहणाऱ्या बारीक जीवांना, निळा समुद्र मिळतो. बडोदेकरांना जवळ आहे ते खंभातचं आखात, दुधाळ चहाच्या रंगाचं. साबरमती, मही, नर्मदा, तापी या चौघींचा गाळ तिथे येतो आणि भरती-ओहोटीचा जोर त्याला खाली बसू देत नाही. जाळं मिळवणं, नाव ठरवणं हे पार पडतं. माझा जीव खाल्ला तो या गाळाने.

५० सेंमी तोंडाचं, २०० मायक्रॉन जाळीचं जाळं एका नॉटच्या वेगाने पाच मिनिटं ओढलं, तर हिशेबाने साधारण ३० घनमीटर पाणी गाळलं जातं. इथे तो हिशेब विसरा. जाळी लवकर बुजते आणि पाणी तोंडातूनच परत फिरतं. जीपीएसवरचं अंतरही धरू नका, कारण प्रवाह नावेलाही वाहून नेतो. जाळ्याच्या तोंडातल्या प्रवाहमापकाचा आकडा तेवढा खरा. दोनच मिनिटं ओढा, आणि तेवढ्यातही आकडा नेहमीपेक्षा फार कमी आला तर जाळं धुऊन पुन्हा टाका. भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्याची वेळ साधा. ती फार थोडी टिकते. भरती-ओहोटीचं भावनगरचं कोष्टक दुसऱ्या काठाला जसंच्या तसं लागत नाही, हे निघण्याआधी नावाड्यालाच विचारलेलं बरं.

जाळं बाहेरून धुवायचं, म्हणजे सगळं तळाच्या डब्यात उतरतं.

आता खरी कटकट. गाळ फॉर्मॅलिन (नमुना टिकवायचं रसायन) घालायच्या आधीच काढायचा. २०० मायक्रॉनच्या चाळणीवर, गाळलेल्या समुद्राच्याच पाण्याने, हळू. नळाचं पाणी घेतलं तर नाजूक जीव फुगून फुटतात. ‘घरी जाऊन धुऊ’ म्हणाल तर फसाल : फॉर्मॅलिनमध्ये कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव) ठिसूळ होतात, चिखलाचे गोळे सोडवताना त्यांच्या स्पर्शिका आणि पाय तुटतात, आणि ओळख पटवायला नेमके तेच लागतात. वाळू असेल तर नमुना गोल फिरवून काही सेकंद ठेवा आणि वरचं पाणी ओतून घ्या. हे दोन-तीनदा. खाली उरलेली वाळूही एकदा भिंगाखाली बघा. जड शिंपल्यांची पिल्लं तिच्यातच अडकतात.

एवढं करूनही गाळ उरतोच. मग रोझ बेंगाल. चिमूटभर रंग घालून रात्रभर ठेवलं की जीव गुलाबी होतात आणि मातीचे कण बहुतेक तसेच राहतात. मोजणी निम्म्या वेळात होते. मात्र गुलाबी म्हणजे पकडताना जिवंत होता असं नाही. ताजं मेलेलंही रंगतं.

राहिलं फॉर्मॅलिन : २५० मिलि बाटलीत बाजारचं २५ मिलि, त्यात आधीच बोरॅक्स घातलेलं, नाहीतर आम्लाने चुन्याची कवचं विरघळतात. मोजण्याआधी नमुना पाण्याने धुवा, खिडकी उघडी ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका.

वनस्पती-प्लँक्टनसाठी वेगळं एक लिटर पाणी, लुगोल (आयोडीनचं द्रावण) घालून, काळ्या काचेच्या बाटलीत. प्लास्टिक आयोडीन शोषतं. ४८ तास स्थिर ठेवलं की डायाटम (काचेसारख्या कवचाची एकपेशी शेवाळं) तळाशी बसतात, पण त्यांच्यासोबत आपला लाडका गाळही. सेजविक-राफ्टर पेटीत (सूक्ष्मदर्शकाखाली मोजणीची एक मिलिची काचपेटी) तळाशी बसलेल्यातला एक मिलि नुसता भरला तर दिसते ती माती. दहापट पातळ करा, आणि शेवटी दहाने गुणायला विसरू नका.