बायोप्सीला फोन लावताना: माझा अनुभव

मी रेडिओलॉजीचा निवासी डॉक्टर. सीटी बघून फुफ्फुसाची बायोप्सी करताना, म्हणजे गाठीचा तुकडा तपासणीसाठी सुईने काढताना, सुईचा कोन स्मार्टफोनने मोजायचा, एवढाच माझ्या प्रबंधाचा विषय. जिलेटिनच्या ठोकळ्यात वाटाणे पुरून केलेला सराव आठवड्यात उरकला. पेशंटवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीने मात्र पाच महिने खाल्ले.

सीटीच्या पडद्यावर आपण रेघ मारतो: कातडीपासून गाठीपर्यंत इतके सेंटिमीटर, उभ्या रेषेशी इतके अंश. मग पेशंटपाशी येऊन तोच कोन नजरेने धरायचा. 10 सेंटिमीटर खोलीवर 5 अंशांनी चुकलात तर टोक जवळजवळ 9 मिलिमीटर बाजूला जातं. गाठ सेंटिमीटरभराची असेल तर सुई शेजारून निघून जाते. मग सुई मागे घ्या, पुन्हा स्कॅन, पुन्हा ‘श्वास रोखा’. फोनमधल्या अ‍ॅक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते, म्हणून उभ्या रेषेशी असलेला कोन तो आकड्यात दाखवतो.

यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं होतं.

पहिला प्रश्न आला: फोन हे वैद्यकीय उपकरण आहे का? मी लिहिलं, नाही, तो फक्त कोन दाखवतो. पुढच्या बैठकीत, म्हणजे महिन्याने, उत्तर आलं: वैद्यकीय उपकरण नसलेली वस्तू निर्जंतुक भागात कशासाठी? सोनोग्राफीच्या प्रोबला घालतात तसं निर्जंतुक कव्हर घालू, असं लिहून दिलं. त्यानंतरची बैठक कोरमअभावी रद्द. मी बाहेर फाइल मांडीवर घेऊन बसलेलो. कंटाळून फोन कारकुनांच्या टेबलावर ठेवला. टेबल 2 अंश कललेलं निघालं. त्यांना सांगितलं नाही, आधीच सही अडलेली.

मग पेशंटची माहिती फोनमध्ये जाईल ही शंका. ती रास्त होती. म्हणून वेगळा, सिम नसलेला फोन घेतला, कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली. सीटीवरचा आकडा हातानेच टाकायचा. तुम्ही हे अर्जातच लिहा, महिना वाचेल.

आणि शेवटी संमतीपत्र. ‘अ‍ॅपच्या मदतीने सुई घालण्यात येईल.’ सदस्य म्हणाले, सुई अ‍ॅप घालणार की डॉक्टर? हे वाक्य तीनदा बदललं. दोन महिने त्यातच गेले. मी अक्षरशः चिडलो होतो.

हो, राहिलंच: फोनची पाठ सुईला टेकवू नका. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो तिरका बसतो. लांब कड सुईला समांतर धरा. कव्हरला सुरकुती नको. गॅन्ट्रीचा, म्हणजे सीटीच्या गोल कमानीचा, कल शून्य आहे ना, ते आधी बघा, नाहीतर पडद्यावरची उभी रेषा आणि खरी उभी रेषा वेगळ्या. स्क्रीन आपोआप बंद होण्याची सेटिंग काढून टाका. हातमोज्यांनी पिन टाकायची वेळ माझ्यावर आली आहे. होकायंत्राच्या नादी लागू नका, लोखंडापाशी ते भरकटतं. सुई उभ्या रेषेभोवती फिरली तर अ‍ॅक्सेलरोमीटरला कळत नाही, ते सीटी मशीनच्या लेसरच्या रेघेवर सांभाळा.

पहिल्या पेशंटना मी ते संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं, फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“म्हणजे सुई तुम्हीच घालणार ना?”

“हो, मीच.”

“मग द्या पेन.”