बोअर किती फूट घेऊ?

माझं काम भूजलाचं. हे एकदा कळलं की लग्नाच्या पंगतीतही प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, बोअर घ्यायचाय, किती फूट जाऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात, शेतीसाठी बोअर घेत असाल आणि दोनशे फुटांत पाणी लागलं नाही, तर गाडी परत पाठवा. हे कुणालाच आवडत नाही. मग दुसरा प्रश्न येतो : "पण पाऊस तर दरवर्षी पडतोच ना? पाणी काय कोळशासारखं संपणार आहे?" खरी गोम इथेच आहे, म्हणून जरा बैजवार सांगतो.

महाराष्ट्राचा साधारण 80 टक्के भूभाग बेसाल्टचा, म्हणजे याच काळ्या पाषाणाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले, त्याचा हा खडक. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंध घाटात गेलात तर धबधब्यांबरोबर रस्त्याकडेची कापलेली दरडही बघा. वर मुरूम, खाली मांजऱ्या म्हणजे मऊसर खडक, मग सलग काळा पाषाण, मध्येच एखादा विटकरी पट्टा. पाणी अख्ख्या दरडीतून झिरपत नाही. ते ठरावीक ओळीतून येतं, पुष्कळदा त्या तांबड्या पट्ट्याच्या लगेच वरून. त्याच्या खालचा पाषाण भर पावसातही आतून कोरडा असतो. तुमच्या शेताखाली हेच थर आहेत, फक्त दिसत नाहीत.

म्हणजे पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि मांजऱ्यात. तेही किती? या खडकातून उपसता येईल असं पाणी त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के. दोन धरा. विहिरीची पातळी एक मीटर उतरली, तर एकरभर खडकातून निघालेलं पाणी भरतं जेमतेम 80 हजार लिटर. ही साठवण छोटी आहे, पण छोटी आहे म्हणूनच ती एका बऱ्या पावसात भरते. 600 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर 24 लाख लिटर. त्यातलं दहा टक्के मुरलं तरी पातळी तीन मीटर वर येते. गणपतीपर्यंत विहिरी तुडुंब होतात त्या यामुळे. हे पाणी वर्षाचं आहे. वर्षाला येतं, वर्षात वापरावं.

दोनशे फुटांच्या खाली मात्र हिशोब बदलतो. तिथे मुरूम नाही, सलग पाषाण आणि त्यात कुठेतरी एखादी भेग. भेग सापडली तर दोन इंची पाणी उसळतं, गाडीवाल्याला हार घातला जातो, पेढे वाटले जातात. पण त्या भेगेत पाणी पोचायला किती पावसाळे गेले असतील याचा विचार कोणी करत नाही. यंदाच्या पावसाशी तिचा संबंध असतो तो अगदी नावाला. दोन-तीन उन्हाळे पंप चालतो, मग गुळण्या टाकायला लागतो, मग मोटर नुसतीच घरघरते. शाळेच्या पुस्तकात पाणी पुन्हा भरणाऱ्या साधनांच्या यादीत आणि कोळसा संपणाऱ्यांच्या. जमिनीखाली मात्र खोल भेगेतलं पाणी माणसाच्या आयुष्याच्या मापाने कोळशाच्याच रांगेत बसतं. उपसलं की गेलं.

याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. दिवाळीच्या सुमाराला एखाद्या खोल बोअरचं झाकण काढा, मोटर बंद ठेवा आणि कान लावा. पुष्कळ बोअरमध्ये खाली पाणी पडल्याचा आवाज येतो. लोक खुश होतात, "जिवंत झरा आहे." झरा जिवंत आहे खरा, पण तो चाळीस-पन्नास फुटांवरचा, विहिरीचा झरा आहे. केसिंग, म्हणजे बोअरच्या भोकात बसवलेला पाइप, टाकलेलं असतं जेमतेम मुरुमापुरतं. त्याखालच्या उघड्या भोकातून वरचं पाणी चारशे फूट खाली पडतंय. खोल बोअर नुसतं जुनं पाणी काढत नाही, वरच्या साठ्याचा तळही फोडतो. शेजारची विहीर जानेवारीत का आटली, याचं उत्तर पुष्कळदा त्या आवाजात असतं.

कायदा हेच म्हणतो. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009चा, लागू झाला 2014 मध्ये. त्यात 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहीर शेतीसाठी आणि उद्योगासाठी घ्यायला मनाई आहे. कागदावर. रस्त्यावर तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडच्या बोअरच्या गाड्या रात्रभर घरघरत असतात. गाडीवाल्याचं बिल फुटावर, त्यामुळे "अजून पन्नास जाऊ या" हा सल्ला तो मनापासून देतो. पाणाड्याशी मी वाद घालत नाही. तो नारळ फिरवून जागा दाखवतो; खोली विचारली की तोही गाडीवाल्याकडे बोट करतो.

एक अपवाद सांगून ठेवतो. तापीकाठी, यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात, गाळाचे जाड थर आहेत. तिथलं गणित निराळं, दोनशे फुटांचा आकडा तिथे लावू नका. पातळी तिथेही खाली चाललीच आहे.

मग येतो सगळ्यात अवघड प्रश्न : "शेजाऱ्याने सातशे फूट घेतलाय, मीच का थांबू?" याला माझ्याकडे एकट्यादुकट्याचं उत्तर नाही. जमीन माझी तर खालचं पाणीही माझं, ही समजूत 1882च्या सुखाधिकार कायद्यापासून चालत आलीय, आणि खडकाला बांध कळत नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा ही गाठच सोडवली. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नाही, घरातल्या माणसांवर : माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. उसाची ही बंदी मला हट्टीपणाची वाटत नाही. एकरभर ऊस मोकाट पाण्यावर वर्षाला 80 लाख लिटरच्या घरात जातो. पावसाचं थेट मिळालेलं वजा केलं, तरी आजूबाजूच्या पंचवीसेक एकरांत मुरलेलं पाणी त्या एका एकराला लागतं. हिवरे बाजारनेही ऊस आणि शेतीचे बोअर दोन्ही बंद केले, दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवली. नियम गावाने केला म्हणून शेजाऱ्यालाही लागू झाला. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते पाऊस रुसला म्हणून, हे खरंच. पण ऊस आणि बोअर दोन्ही तिथे बेसुमार होते, हेही खरं.

शेततळ्याचंही विचारता, तर तेही घ्या. पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात अडवत असाल तर उत्तम. पण प्लास्टिक अंथरून बोअरच्या पाण्याने तळं भरायचं आणि एप्रिलच्या उन्हात ठेवायचं, हे मला अजिबात पटत नाही. जमिनीखाली झाकलेलं पाणी वर काढून वाळत घालण्याला साठवण म्हणत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी किती फूट विचारायला याल तेव्हा दोन आकडे घेऊन या : ऑक्टोबरअखेर तुमच्या विहिरीत पाणी किती फुटांवर होतं आणि मेअखेर किती. दोरीला दगड बांधून मोजलंत तरी चालेल, पण मोटर रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजा. तेवढ्यावर किती एकर हरभरा भिजेल हे मी सांगू शकतो. पाचशे फुटांवर काय लागेल, ते गाडीवाल्यालाच विचारा. तो पैसे आगाऊ घेतो.