शाई न लागलेलं बोट

२०२४च्या १३ मेला लंडनमध्ये पहाटे साडेतीनला फोन थरथरायला लागला. झोपेत वाटलं घरी काहीतरी झालं. उघडून बघते तर बोटं! आत्याचं बोट, मामाचं बोट, शाळेतल्या मैत्रिणींची रंगवलेली नखं आणि त्यांवर शाईची रेघ. अमळनेरला आठ वाजले होते, लोकसभेचं मतदान सुरू झालं होतं. एका फोटोत नुसतं बोट होतं, खाली नाव नाही, काही नाही. ते आमच्या आबांचं. कडबा कुट्टीच्या यंत्राने त्यांचं अर्धं नख कायमचं काळं केलंय, त्यामुळे ते बोट मी कुठेही ओळखीन.

आबा ८७ वर्षांचे. त्या वर्षी ८५च्या पुढच्यांना घरी बसून मत द्यायची सोय होती. त्याचा फॉर्म घेऊन माणूस दारात आला तर आबांनी त्याला पाणी पाजलं, चहा पाजला आणि म्हणाले, "मी काय खाटलावर पडेल शे का?" मग मतदानाच्या दिवशी धुतलेलं धोतर, पांढरी टोपी आणि ऊन चढायच्या आत शाळेच्या बूथवर पहिल्या दहांत नंबर.

मी तेव्हा लंडनला, ईस्ट हॅममधल्या माझ्या खोलीत. खोली म्हणजे एक पलंग, एक खिडकी आणि बाकीच्या जागेत सूटकेस. माझं नाव अजून अमळनेरच्या यादीत आहे, पण मत द्यायचं तर तिथे जाऊन उभं राहावं लागतं. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार होता येतं, २०१० साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली. ६-अ नंबरचा फॉर्म भरायचा. मात्र मतदानाच्या दिवशी पासपोर्ट घेऊन स्वतः बूथवर हजर. २०१९ला अशी जवळपास एक लाख नावं यादीत होती, प्रत्यक्ष आले पंचवीस हजारांच्या वर, आणि त्यातले बहुतेक सगळे केरळचे. आखातातून कोचीला उतरणं वेगळं. लंडनहून मुंबई, मुंबईहून रात्रीची गाडी धरून अमळनेर, बटण दाबून परत... मी हिशेब केला आणि फोन पालथा ठेवून झोपले.

आणि मग ४ जुलैला मी मत दिलं. इथे. ज्या देशाची मी नागरिक नाही, त्या देशात.

हे घरी कोणालाच पटत नाही, म्हणून नीट सांगते. ब्रिटनमध्ये राहायची परवानगी असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना इथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून मलाही. मी नाव नोंदवलं ते मात्र लोकशाहीच्या प्रेमापोटी नाही, उगाच मोठेपणा कशाला घेऊ. घरातल्या तमिळ मुलीने सांगितलं की मतदारयादीत नाव असलं की क्रेडिट स्कोअर सुधारतो, फोनचं कंत्राट आणि पुढची खोली सोपी जाते. पाच मिनिटांत ऑनलाइन फॉर्म भरला. काही दिवसांनी पोस्टाने मतदानाचं कार्ड आलं, माझं नाव बरोबर लिहिलेलं. आमच्या रेशन कार्डावर ते अजून चुकीचं आहे.

गुरुवार होता. इथे मतदानाला सुट्टी नसते. सकाळी सात ते रात्री दहा, ज्याला जमेल तेव्हा त्याने जावं. मी ऑफिसातून येताना गेले. एका शाळेचा हॉल, बाहेर रांग नाही, टेबलं टाकून चिठ्ठ्या काढून देणारे कार्यकर्ते नाहीत, "ताई, लक्ष असू द्या" म्हणणारं कोणी नाही. कुंपणाला एक कुत्रा बांधलेला, त्याची मालकीण आत. संसदेच्या सार्वत्रिक निवडणुकीत फोटोचं ओळखपत्र लागायची ही पहिलीच वेळ, आणि त्यात भारताचा पासपोर्ट चालतो. टेबलामागच्या आजींनी तो उघडून माझ्याकडे पाहिलं, पट्टीने यादीत नाव शोधलं आणि एक लांब कागद दिला. आडोशात दोरीने बांधलेली पेन्सिल. पेन्सिल! आणि आपल्याला हव्या त्या नावापुढे फुली मारायची. आमच्या शाळेत चुकलेल्या उत्तरावर फुली असायची, त्यामुळे हात जरा अडखळला. कागद दुमडला, पेटीत टाकला, झालं. मी सवयीने डावा हात पुढे केला. आजी म्हणाल्या, "काही हवंय का?"

शाई लावत नाहीत. बाहेर येऊन बोटाकडे बघत राहिले. मत दिल्यासारखं वाटेचना.

कोणाला दिलं ते सांगणार नाही. आबांनीही विचारलं, "कोनले दिधं?" त्यांनाही नाही सांगितलं. त्यावर त्यांचा खरा प्रश्न आला, "पन तठे तुन्हं नाव यादीमा कसं काय उनं?" राष्ट्रकुल समजावता समजावता माझी दमछाक झाली. शेवटी म्हटलं, "आबा, इंग्रज दीडशे वर्षं आपल्याकडे होते, त्याचं भाडं समजा." ते त्यांना पटलं.

रात्री दहाच्या ठोक्याला टीव्हीवर एक्झिट पोल आला, मजूर पक्षाला ४१० जागा. सकाळी उठले तर खरोखर जवळपास तितक्याच. आमच्याकडच्या एक्झिट पोलांनी जूनमध्ये काय दिवे लावले ते आठवून मी चहात बिस्किट बुडवलं. दुपारपर्यंत जुने पंतप्रधान गेले, नवे आले. मंडप नाही, मैदान नाही, आमदार घेऊन हॉटेलात जाणं नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे फारच बेचव वाटतं.

शनिवारी लेस्टरला गेले. तिथे माझी दोन माणसं आहेत, जळगावच्या कॉलेजातली. हॉस्टेलपासून आम्ही एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारतो, म्हणून इथेही तसंच लिहिते: शहादा आणि चोपडा. मी अर्थातच अमळनेर. तीन गावं आणि लोकसभेचे मतदारसंघही तीन: नंदुरबार, रावेर, जळगाव.

कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, तीन तास घेते. ट्रेन तासा-सव्वातासात पोचते, पण तिकिटाचा आकडा पाहिला की कोचच बरी वाटते. बसस्टँडवर चोपडा उभा, रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. "काय भो अमळनेर, जिंकून आली का?" त्या दिवशी इंग्लंडची स्वित्झर्लंडशी मॅच होती, पबांच्या बाहेर दुपारपासून पांढरे-लाल झेंडे. आम्ही त्यांच्यातून वाट काढत बेलग्रेव्ह रोडला. तिथे उतरलं की नंदुरबारच्या बाजारात आल्यासारखं होतं. पाट्या गुजराती, दागिन्यांची दुकानं, फरसाण, साड्या. शहाद्याची पोर लहानपणापासून गुजराती बोलते, कारण तिच्या घरापासून गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. आमची अहिराणीही अर्धी गुजरातीच्या अंगाने जाते. त्यामुळे लेस्टरमध्ये ती परदेशात राहते असं मला कधी वाटलंच नाही. ती सुरतेच्या अलीकडेच कुठेतरी राहते.

शेव घेतली. शेवभाजीला जाड तिखट शेवच लागते, रतलामी घातली की लगदा होतो. यावर दुकानात चोपड्याने दहा मिनिटं वाद घातला. मसाला शहाद्याच्या आईने दिलेला, काळा, डबा उघडला की आधी शिंका आणि मग आठवण. भाकरी मात्र कोणालाच नीट जमत नाही. मी थापते ती नकाशासारखी होते. तीच खाल्ली, वर कच्चा कांदा.

शेजारी एक गुजराती म्हातारी राहतात, सगळे त्यांना 'बा' म्हणतात. त्यांना वाटीभर भाजी नेऊन दिली तर त्यांनी बसवून घेतलं. बा १९७२ला युगांडातून आल्या. इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. लेस्टरच्या नगरपालिकेने तेव्हा तिकडच्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली होती, की आमच्याकडे घरं, शाळा सगळं भरलंय, इकडे येऊ नका. "जाहेरात वांची ने खबर पडी के लेस्टर नामनुं गाम छे," बा म्हणाल्या आणि हसून हसून खोकल्या. आता याच शहराच्या पूर्वेकडच्या मतदारसंघातून शिवानी राजा निवडून आल्या. देशभर धूळधाण झालेल्या हुजूर पक्षाने दुसऱ्याकडून हिसकावलेली ती एकमेव जागा. नंतर त्यांनी हातात गीता धरून शपथ घेतली, तो व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. बांना विचारलं, खूश का? म्हणाल्या, आधी दवाखान्याची तारीख मिळू दे, मग सांगते.

रात्री आमची खरी भांडणं. शहाद्याने मत दिलं होतं. चोपड्याने नावच नोंदवलं नव्हतं.

"जिंकलेले म्हणतात, बाहेरची माणसं कमी करू. हरलेलेही तेच म्हणत होते. मग मी फुली मारू कोणावर?" चोपडा म्हणाला.

माझ्यापाशी त्याला उत्तर नव्हतं. त्याचा शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा व्हिसा पुढच्या फेब्रुवारीत संपणार होता. पुढे राहायचं तर कंपनीने प्रायोजक व्हायला हवं आणि पगार सरकारने आखलेल्या रेघेच्या वर हवा. ती रेघ २०२४च्या एप्रिलमध्ये एकदम २६,२०० पाउंडांवरून ३८,७०० वर गेली. नव्यांना सवलत होती, तरी तेव्हा ३०,९६० लागायचेच. तो गोदामात रात्रपाळीला खोकी स्कॅन करतो आणि दिवसा अर्ज भरतो. घराच्या उताऱ्यावर बँकेचा बोजा आहे. केळीला भाव चांगला मिळाला की वडील फोनवर जास्त बोलतात, पडला की "तू कसा शे?" एवढंच. त्यावरून आम्हाला रावेरचा बाजार कळतो.

मग विषय आपोआप गावाकडे वळला. शहाद्याने नंदुरबारचा आकडा पुन्हा सांगितला, १ लाख ५९ हजारांचं मताधिक्य, जणू ते तिने स्वतः मोजलं. धुळ्याला मात्र ३,८३१ मतांनी फैसला. "एवढी माणसं तर आमच्या यात्रेत पाळण्यांच्या रांगेत असतात," मी म्हटलं. १९ मेला सखाराम महाराजांचा रथ निघाला, त्याचेही फोटो आले होते, बोरीचं पात्र माणसांनी भरलेलं. पाणी मात्र नव्हतं. पाडळसऱ्याचं धरण आणि मी जवळपास एकाच वयाचे. प्रत्येक निवडणुकीत त्याचं भाषण होतं. माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, धरण अजून व्हायचंय.

चोपडा कोपऱ्यात झोपून गेला, ताट हातात तसंच.

१७ जुलैला इथल्या संसदेत राजाचं भाषण झालं. नवं सरकार काय करणार ते राजा वाचून दाखवतो. आषाढी होती, मी साबुदाण्याची खिचडी खात मोबाइलवर बघत होते. त्यात भाडेकरूंच्या हक्कांचं विधेयक आलं: कारण न देता घर रिकामं करायला लावणारी नोटीस बंद करणार. फेब्रुवारीत माझ्या आधीच्या घरमालकाने मला तशीच दोन महिन्यांची नोटीस दिली होती. कारण विचारलं तर म्हणाला, कारण द्यावं लागत नाही. तेव्हा मी थंडीत अकरा खोल्या बघितल्या. विधेयकाचा कायदा व्हायला वेळ लागणार, हे कळत होतं. तरी चमचा थांबला.

संध्याकाळी चोपड्याचा मेसेज: "ती नाव नोंदवायची लिंक पाठव." मी खूश. पुढचा मेसेज: "फोन बदलायचाय. क्रेडिट स्कोअर."

घरी फोन केला तर आई बाहेर होती. लाडकी बहीणच्या फॉर्मसाठी, महिना पंधराशे रुपये मिळणार म्हणून. सेतूवर दोन दिवस रांग, सर्व्हर डाउन. आबा म्हणाले, विधानसभा दिवाळीच्या पुढेमागेच असेल. मी दिवाळीला येणारच आहे. साहेबांकडून सुट्टी दोन आठवडे पुढे ओढली तर कदाचित जमेल. कॅलेंडर उघडून बसले, तिकिटाची साइट दुसऱ्या खिडकीत.

"आबा, तारीख कधी लागेल?"

"लागनी का सांगस तुले. तवलोंग तिकीट काढू नको, पैसा वाया जाथीन."