सिलिंडर बदलायची पाच मिनिटं

गोदामात रुजू झालो तेव्हा तिथल्या सगळ्या फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायच्या गाड्या, प्रोपेन गॅसवर चालायच्या. सिलिंडर बदलायला पाच मिनिटं लागतात, असं जो तो सांगायचा. ते खरंही आहे. पण ती पाच मिनिटं अंगवळणी पडायला मला दोन आठवडे लागले.

पहिल्याच आठवड्यात मी वॉल्व्ह बंद केला आणि लगेच कपलिंग, म्हणजे सिलिंडर आणि नळीचा जोड, सोडायला घेतलं. नळीत अडकलेला द्रव प्रोपेन फस्सकन बाहेर आला. हा वायू उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो. कपलिंगवर क्षणात पांढरं दव गोठलं आणि सुती हातमोज्यातूनही बोट भाजल्यासारखं झणझणलं. सुपरवायझरांनी मला बाजूला घेतलं आणि स्वतः सगळं करून दाखवलं. गाडी मोकळ्या हवेत, फोर्क जमिनीला टेकलेले, हँडब्रेक ओढलेला. वॉल्व्ह बंद करायचा, पण इंजिन चालूच ठेवायचं. नळीतला गॅस संपून ते आपोआप बंद पडलं की मग चावी फिरवायची आणि मगच कपलिंगला हात लावायचा.

भरलेला सिलिंडर चढवतानाही एक खुबी आहे. तो आडवा बसतो आणि त्याच्या कडेची खाच गाडीवरच्या खुंटीत अडकलीच पाहिजे. मी एकदा तो तिरका बसवला. आत गॅस शिल्लक असूनही गाडी धापा टाकायला लागली, कारण आतली नळी द्रवापर्यंत पोहोचतच नव्हती. शिवाय तसं बसवलं की जास्तीचा दाब सोडणारा सेफ्टी वॉल्व्हही वर, वाफेच्या जागेत राहत नाही, आणि ते जास्त धोक्याचं. शेवटी ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, तपासायची, वॉल्व्ह हळूहळू उघडायचा, जोडावर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तर गाडी सुरू करायची नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, तो वर न जाता खड्ड्यात, गटारात साचतो.

पुढे आतल्या कामासाठी बॅटरीच्या गाड्या आल्या आणि मला खरोखर हायसं वाटलं. बंद शेडमध्ये इंजिनाचा धूर, त्यातला कार्बन मोनॉक्साइड, ही काळजी रोजची होती. त्याला वासही नसतो.

पण लेड-अॅसिड बॅटरीचं गणित वेगळं निघालं. साधारण आठ तास काम, आठ तास चार्जिंग, वर थंड व्हायला तितकाच वेळ. दुसऱ्या शिफ्टला गाडी हवी तर दुसरी बॅटरी हवी, आणि एकेका बॅटरीचं वजन टनाच्या घरात. ती हलवायला वेगळी सोय लागते. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावरच भरायचं. आधी भरलं की अॅसिड उतू जातं, हे मी फरशीवरच्या डागांवरून शिकलो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून तिथेही खेळती हवा लागतेच.

लिथियमची गाडी मला सगळ्यात आवडली. जेवणाच्या सुट्टीत प्लग लावला की दुपार निघते, पाणी घालायची भानगड नाही. खरेदीचा आकडा मात्र मोठा असतो.

म्हणून नव्या गाड्या घेताना माझं मत विचारलं, तेव्हा मी आधी विचारलं: गाडी दिवसात केव्हा आणि किती वेळ उभी राहू शकते? आतल्या गाड्यांना सुट्ट्या मिळतात, तिथे मी लिथियम सुचवली. बाहेरच्या यार्डातली गाडी ट्रक येतील तशी सलग पळते. ती प्रोपेनवरच ठेवायला सांगितली.