तुम्ही विचारलंत म्हणून : कोणतं मशीन घेऊ?

पारोळ्याला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली सबमर्सिबल घेऊन आलेला माणूस वाट बघत स्टुलावर बसतो, त्याची नजर कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या मेटल डिटेक्टरकडे जाते आणि पाच मिनिटांत प्रश्न येतोच, "भाऊ, सोनं सापडस का यामा?" कॉलेजची पोरं असली की प्रश्न वेगळा असतो. "काका, स्वस्तात कोणतं मशीन घेऊ? किती फूट खोल दाखवतं?" मी हातातलं काम सोडत नाही, त्यामुळे उत्तर दर वेळी अर्धवट राहतं. आज नीट बसून सांगतो.

आधी ते फूट डोक्यातून काढून टाका. नाण्याएवढी वस्तू असेल तर आपल्याकडच्या जमिनीत चांगलं मशीनही वीतभर खोल बघतं, बस. खोक्यावर जे सहा फूट, आठ फूट छापलेलं असतं, ते झालंच तर पत्र्याच्या पेटीएवढ्या धातूबद्दल असतं. यामागचं कारण मला मोटारीमुळे लवकर कळलं. इंडक्शन मोटारीत स्टेटरच्या, म्हणजे स्थिर भागाच्या, चुंबकीय क्षेत्रामुळे रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, प्रवाह तयार होतो, त्याला वायरीने कुठे जोडलेलं नसतं. डिटेक्टरच्या थाळीत तसंच घडतं. एक कॉइल जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे खालच्या धातूत प्रवाह फिरतात, आणि त्या प्रवाहांचं क्षीण क्षेत्र दुसरी कॉइल ऐकते. क्षेत्र जातानाही विरतं आणि येतानाही विरतं. म्हणून थाळीच्या रुंदीपलीकडे गेल्यावर अंतर दुप्पट झालं तर संकेत चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. दुप्पट पैसे मोजून दुप्पट खोली मिळत नाही, ती याच कारणाने.

आता आपल्या मातीचं. इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. परदेशातल्या माणसाने हिरवळीवर किंवा समुद्रकाठी मशीन फिरवलेलं आपण मोबाइलवर बघतो आणि तेच मागवतो. आपली जमीन मात्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची आहे. त्या लाव्ह्याचा खडक, बेसॉल्ट, झिजून काळी माती झाली आणि बेसॉल्टमधलं मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज, त्या मातीत तसंच राहिलं. खात्री करायची असेल तर जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढा आणि बोरी नदीच्या कोरड्या पात्रात, वाळूतून दोन-चार वेळा ओढा. काळी पूड मिशीसारखी उभी राहून चिकटते. डिटेक्टरला ही पूड वाळूच्या कणाकणातून ऐकू येत असते. त्या गोंगाटातून नाण्याचा आवाज वेगळा काढायचा, तर मशीनला आधी सांगावं लागतं की ही जमीन आहे, हिला धरू नकोस. यालाच ग्राउंड बॅलन्स म्हणतात. थाळी जमिनीपासून फूटभर उचलायची, पुन्हा खाली आणायची, असं करत गुरगुर बंद होईपर्यंत आकडा लावायचा. स्वस्त मशीनमध्ये हा आकडा बहुतेक कारखान्यातच पक्का केलेला असतो. ज्या मातीसाठी तो बसवला ती माती आपली नसते.

हे मी वाचून सांगत नाही. चुलतभावाच्या शेतात, बांधालगत, वखर जात नाही अशा पट्ट्यात मी वस्तू पुरून ठेवल्या आहेत. आजीच्या गाठोड्यातला पंचम जॉर्जचा बंदा रुपया, १९४३चा भोकाचा पैसा, पोळ्याच्या घागरमाळेतलं पितळी घुंगरू, हल्लीचे एक आणि पाच रुपये, बैलगाडीच्या चाकाचा गंजका खिळा आणि गुटख्याची एक पुडी. दोन, चार, सहा आणि आठ इंचांवर. प्रत्येक वस्तू नायलॉनच्या दोरीला बांधून, दोरीचं टोक वर खुंटीला. एक पावसाळा माती बसू दिली आणि मग तीन मशीनं आणून एकाच दिवशी फिरवली.

पहिलं माझंच, ऑनलाइन मागवलेलं, दहाएक हजारांचं. दुसरं एका मित्राचं, चांगल्या घराण्यातलं पण ग्राउंड बॅलन्स पक्का केलेलं. या दोघांची नावं मुद्दाम घेत नाही. प्रत्येकाचा एकच नग तपासला, एका नगावरून कंपनीला नाव ठेवणं बरोबर नाही. तिसरं नोक्ता कंपनीचं सिम्प्लेक्स, १२ किलोहर्ट्झवर चालणारं, ग्राउंड बॅलन्स हाताने लावता येणारं.

हवेत तिघांनीही बंदा रुपया दहा-अकरा इंचांवरून पकडला. हवेतली चाचणी दाखवून मशीन विकणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे लक्षात ठेवा. जमिनीत पहिलं मशीन चार इंचांवरच थांबलं, आणि चार इंचांवरसुद्धा फक्त एका दिशेने गेलं तर बोलायचं. दुसऱ्याने सहा इंचांवरचा रुपया दाखवला, पण धातू कोणता ते सांगणारा पडद्यावरचा आकडा चांदीचा न येता इकडेतिकडे धावत राहिला. तिसऱ्याने सहा इंचांवर स्वच्छ आवाज दिला आणि आठ इंचांवर चारपैकी तीन वेळा कुजबुज ऐकवली. मग बांध ओलांडून मुरमाच्या उतारावर गेलो, तिथे तांबडे भाजल्यासारखे दगड पडलेले असतात. पहिलं मशीन तिथे एकसारखं ओरडत होतं, वापरण्यासारखं राहिलंच नाही. संवेदनशीलता निम्मी केली तेव्हा गप्प झालं, आणि मग दोन इंचांवर ठेवून बघितलेला खिळासुद्धा सांगेना.

आणखी दोन गोष्टी कळल्या. हल्लीचा एक रुपया १९९२पासून स्टेनलेस स्टीलचा आहे, चुंबकाला चिकटतो. मशीन त्याला कधी लोखंड ठरवतं, कधी आकडा भलतीकडेच उडतो. खिशातला रुपया टाकून मशीन तपासू नका, पितळेचा पाचाचा घ्या. दुसरी गोष्ट विजेची. थ्री-फेज लाइट आली आणि शेजारच्या विहिरीवरची मोटार चालू झाली की तिन्ही मशीनं बडबडायला लागली. मला वाटलं कॉइल गेली. ऑटो स्टार्टर बंद केला तर पुन्हा शांत. आता मी फीडरचं वेळापत्रक बघूनच शेतात जातो. कॉइलची केबल दांड्याला घट्ट गुंडाळा, ती सैल हलत असली तरी खोटे आवाज येतात.

डिस्क्रिमिनेशनबद्दल, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज बंद करण्याबद्दल, सगळ्यांना फार अपेक्षा असतात. कचरा गाळून फक्त सोनं दाखवणारं मशीन सांगा, असं म्हणतात. असं मशीन नाही, आणि का नाही ते मला एका काकूंच्या फुलामुळे नीट समजलं.

दिवाळीनंतरची गोष्ट, कापसाची वेचणी चालू होती. आमच्या गल्लीतल्या काकू मजुरीने वेचायला गेल्या आणि संध्याकाळी घरी आल्यावर लक्षात आलं, डाव्या कानातलं सोन्याचं फूल नाही. दीड ग्रॅमचं. त्यांच्या आईने दिलेलं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेल्या. कोणती तासं वेचली ते त्यांना पक्कं आठवत होतं, वेचलेल्या कापसाची ओटी कुठे सोडली तेही. मी कचरा नको म्हणून फॉइलच्या पट्ट्यातले आवाज बंद केले आणि सकाळपासून दुपारपर्यंत चालत राहिलो. काही नाही. काकू बांधावर बसून होत्या, जेवल्यासुद्धा नाहीत.

रात्री घरी बायकोची अंगठी आणि गुटख्याची पुडी पाटावर शेजारी ठेवून मशीन फिरवलं. दोघांचा आकडा दोन घरांच्या अंतरावर होता. मग तिचंच कानातलं ठेवलं, अंगठीपेक्षा हलकं, तर आकडा बरोबर पुडीवर. सोनं थोडं असलं की मशीनला ते पातळ फॉइलसारखंच वाटतं. दिवसभर मी ज्या आवाजांना गप्प केलं होतं, त्यांतच ते फूल असणार होतं.

तिसऱ्या दिवशी सगळं उघडं ठेवून गेलो. पुड्या, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं, कीटकनाशकाच्या बाटलीच्या तोंडावरची चकती, सगळं उचलत गेलो. एकेचाळीस तुकडे मोजले. बेचाळिसावा आवाज पऱ्हाटीच्या बुडाशी आला. वर काहीच दिसेना. काळ्या जमिनीला बोटभर रुंद भेग पडलेली होती. वाकून टॉर्च मारला तर आत, बोटाच्या दोन पेरांवर, फुलाच्या पाकळीची कड चमकली. खुरपं लावलं नाही. काकूंनीच डोक्यातली पिन काढून ते वर ओढलं, मातीसकट मुठीत धरलं आणि बांधावरच्या बायांना ओरडून सांगितलं, "सापडनं वं माय!"

तेव्हापासून मला हाच या यंत्राचा खरा उपयोग वाटतो. हरवलेली जोडवी, मंगळसूत्राची वाटी, ट्रॅक्टरची पिन, वखराच्या पासेचा बोल्ट. आणि नांगरलेल्या शेतात कधी एखादं जुनं घुंगरू निघतं, ते घासून वाजवून बघायचं सुख.

गुप्तधनासाठी मशीन हवं असेल तर माझ्याकडे येऊ नका. कुणाच्या स्वप्नात आलं, कुणा बाबाने जागा दाखवली, असं सांगत माणसं रात्रीची दुकानावर आली आहेत. मी दार लावून घेतलं. धनासाठी अघोरी प्रकार करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या नादात माणसांचे जीव गेले म्हणून तो कायदा करावा लागला. हातात दोन दांड्या धरून पाचशे मीटरवरचं सोनं ओळखणारं म्हणून जे विकतात, त्याच्याही वाटेला जाऊ नका. असल्याच दांडीला बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याला २०१३मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. आत बॅटरीसुद्धा नव्हती.

आणि पांढरीत खणू नका. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती, हे आपल्या गावगाड्यातले शब्द. जुन्या वस्तीची राख, माती, खापरं साचून झालेलं टेकाड म्हणजेही पांढरीच. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे, गिरणाकाठी बहाळ, इथे १९५०च्या दशकात उत्खननं झाली आणि तीन हजार वर्षांहून जुनी, ताम्रपाषाणयुगातली वस्ती थराथराने वाचता आली. थर शाबूत असेल तरच हे जमतं. पहिल्या वर्षी मी एका पांढरीच्या कडेला हातभर खणलं होतं, तांब्याचा एक घासलेला पैसा मिळाला. खड्ड्याच्या भिंतीत राखेचा करडा पट्टा होता, खाली काळं-तांबडं खापर होतं, आणि माझं खुरपं त्या पट्ट्यातून आरपार गेलेलं होतं. इतिहास शिकवणाऱ्या एका सरांना पैसा दाखवला, त्यांनी एवढंच विचारलं, "पट्ट्याच्या वर होता की खाली?" मला सांगता आलं नाही. नगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४मध्ये झाडाचं मूळ खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा निघाले, साठ किलोंवर वजनाचे. ते नेमके कुठल्या काळातले यावर अजून वाद आहे, कारण ते उत्खननात थरातून निघालेले नव्हते.

कायदाही माहीत असू द्या. १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं : काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. किल्ला, लेणं, जुनं देऊळ यांच्या आसपास मशीन नेऊच नका. दुसऱ्याच्या शेतात मालकाला विचारल्याशिवाय शिरू नका, आणि खड्डा तिथल्या तिथे बुजवा, त्यात बैलाचा पाय जातो.

मग घ्यायचं कोणतं? ग्राउंड बॅलन्स हाताने लावता येतो का, हे पहिलं विचारा. मायनलॅबच्या व्हॅन्क्विशसारखी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारी मशीनं जमीन आपोआप धरतात, तीही चालतील. थाळीवर पाणी चालतं का ते विचारा, पहिल्या पावसानंतर जमीन मऊ असते तेव्हाच खरं काम होतं. पैसे कमी पडत असतील तर दहा हजारांचं नवं घेण्यापेक्षा थांबा, साठवा, किंवा चांगलं जुनं बघा. उरलेल्या पैशात हातात धरायचा पिनपॉइंटर घ्या. ढेकळात मिसळलेली वस्तू शोधताना तो नसेल तर अर्धा दिवस जातो.

आणि घ्यायच्या आधी मशीन घेऊन माझ्या पट्ट्यावर या. पऱ्हाट्या उपटल्यावर, मार्चनंतर केव्हाही. लाइट नसेल ती वेळ धरून या. बंदा रुपया उत्तरेकडून तिसऱ्या खुंटीला आहे, सहा इंचांवर.