दिवसाला ४०० पौंड, पण हातात किती?

कोल्हापुरातून विचारणा होते ती बहुतेक वेळा एकाच आकड्याची: लंडनमध्ये दिवसाला ४०० पौंडांचं कॉन्ट्रॅक्ट मिळतंय, महिन्याला किती पडतील? रुपयांत गुणाकार करायच्या आधी पैसे कोणत्या वाटेने येणार ते विचारा. मुख्य वाटा दोनच: अम्ब्रेला कंपनी किंवा स्वतःची लिमिटेड कंपनी.

त्याआधी व्हिसा बघा. स्किल्ड वर्कर व्हिसावर ज्यांनी स्पॉन्सर केलं त्यांचीच नोकरी करायची असते. स्वतःची कंपनी काढून दुसरीकडे कॉन्ट्रॅक्ट घेता येत नाही. शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर किंवा तिथला कायम रहिवास मिळाल्यावर ही अडचण येत नाही.

अम्ब्रेला म्हणजे कागदोपत्री तुमची मालक कंपनी. काम मिळवून देणारी एजन्सी तिला दिवसाचे ४०० देते, पण तो तुमचा पगार नव्हे. मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्सही (पगारावरची सामाजिक सुरक्षेची सरकारी वर्गणी) त्याच रकमेतून जातो, आणि पहिली पे-स्लिप बघून माणूस हबकतो तो इथेच. वर्षाचे २२० दिवस धरले तर ८८,००० पौंड होतात. अम्ब्रेलाचं मार्जिन, म्हणजे तिची फी, आठवड्याला २५ पौंड धरून ४४ आठवड्यांचे १,१०० गेले. मालकाचा नॅशनल इन्शुरन्स पगाराच्या ५,००० च्या वरच्या भागावर १५ टक्के, म्हणजे सुमारे १०,६००. अप्रेंटिसशिप लेव्ही हा मालकावरचाच आणखी एक कर, पगाराच्या अर्धा टक्का, ३८० च्या आसपास. उरले ७५,९००, तुमचा खरा पगार हा. त्यावर इन्कम टॅक्स १७,८०० आणि तुमच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स ३,५००. पेन्शन कापली नाही असं धरलं तर हातात सुमारे ५४,६०० पौंड येतात. सुट्टीचा पगारही याच पैशांतला असतो. तो दर आठवड्याला मिळतो की बाजूला ठेवला जातो, हे सही करायच्या आधी विचारून घ्या. बाजूला ठेवलेला पैसा वेळेत मागितला नाही म्हणून बुडालेले लोक आहेत.

लिमिटेड कंपनीच्या वाटेवर आयआर३५ हा नियम आडवा येतो: तुम्ही खरे स्वतंत्र व्यावसायिक की प्रत्यक्षात नोकरदारच, हे तो ठरवतो. तो समजायला उद्यमनगरात एक चक्कर पुरे. स्वतःच्या लेथवर नगाच्या भावाने जॉबवर्क करणारा टर्नर स्वतःचा मालक असतो. तो आजारी पडला तर भावाला मशीनवर उभा करतो, माल खराब निघाला तर पदरमोड करून पुन्हा काढून देतो. कारखान्यात आठच्या पाळीला हजर राहून सुपरवायझर सांगेल ते करणारा ऑपरेटर नोकरदार. ब्रिटनचं कर खातं हेच तपासतं: बदली माणूस पाठवता येतो का, काम कसं करायचं हे कोण ठरवतं, काम देणं आणि घेणं दोघांवर बंधनकारक आहे का. एप्रिल २०२१ पासून मध्यम आणि मोठ्या खासगी क्लायंटच्या बाबतीत हा निर्णय क्लायंट करतो आणि लेखी कळवतो. निर्णय ‘आत’, म्हणजे तुम्ही नोकरदारासारखेच, असा आला तर पगारासारखीच कपात होते, मग कंपनी चालवण्याचा खटाटोप कशाला? तिथे अम्ब्रेलाच बरी.

‘बाहेर’, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक, ठरलात तर तेच ८८,००० असे मोजा. स्वतःला पगार १२,५७०, त्यावर कंपनीचा नॅशनल इन्शुरन्स १,१३६, अकाउंटंट आणि विमा मिळून १,८०० धरू. उरलेल्या ७२,५०० नफ्यावर कॉर्पोरेशन टॅक्स सुमारे १५,५००. राहिलेले ५७,००० डिव्हिडंड (मालकाला मिळणारा नफ्याचा वाटा) म्हणून काढले तर एप्रिल २०२६ पासूनच्या दरांनी (१०.७५ आणि ३५.७५ टक्के) १०,९०० कर. हातात ५८,७०० च्या आसपास. अम्ब्रेलापेक्षा फरक जेमतेम ४,००० पौंडांचा, आणि त्यासाठी वर्षभराची कागदपत्रं सांभाळायची. सगळा पैसा दरवर्षी उपसणार असाल तर आमच्या मते कंपनी फार फायद्याची नाही. खरा फायदा न काढलेल्या पैशात आहे: वरच्या दरात जाणारे १९,००० कंपनीतच ठेवले किंवा कंपनीकडून थेट पेन्शनमध्ये भरले तर ३५.७५ टक्क्यांची चाट बसत नाही. उलाढाल ९०,००० च्या वर गेली की व्हॅट नोंदणी सक्तीची, तेवढं ध्यानात ठेवा.

खर्चाबद्दल गैरसमज फार. अम्ब्रेलातून घर ते ऑफिस प्रवास आणि जेवण करातून वजा होईल असं कुणी सांगितलं, तर ती एप्रिल २०१६ च्या आधीची गोष्ट आहे. आता देखरेखीखाली काम करणाऱ्याला ते मिळत नाही. ‘बाहेर’ असलेल्या कंपनीत स्वतःच्या गाडीला पहिल्या १०,००० मैलांपर्यंत मैलाला ४५ पेन्स करमुक्त घेता येतात, पुढे २५. पण २४ महिन्यांचा नियम पाळा: एकाच जागी काम त्यापुढे जाणार हे दिसलं की तिथला प्रवासखर्च मिळत नाही. कॉन्ट्रॅक्ट १८ महिन्यांचं होतं आणि आणखी १२ महिने वाढलं, तर त्याच जागेचा प्रवासखर्च पंचविसाव्या महिन्यापासून नव्हे, मुदतवाढ कळली त्या दिवसापासून बंद होतो. चूक इथेच होते.

८५ टक्के हातात देतो म्हणणाऱ्याकडे फिरकूही नका. वरचा अम्ब्रेलाचा हिशेब ६२ टक्क्यांवर येतो. ८५ टक्केवाल्यांकडे त्यापुढचे पैसे ‘कर्ज’ म्हणून दाखवले जातात आणि कर खातं वसुलीला तुमच्या दारात येतं.

राजारामपुरीतल्या फ्लॅटचं भाडं आणि एनआरई (परदेशस्थ भारतीयांच्या रुपया खात्यातल्या) ठेवीचं व्याजही विसरू नका. एनआरई व्याज भारतात करमुक्त, पण ब्रिटनचे रहिवासी झाल्यावर तिथे करपात्र. नव्याने आलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सूट मागता येते, मात्र ती मागितली की १२,५७० ची करमुक्त मर्यादा जाते. थोड्या व्याजासाठी हा सौदा परवडत नाही.

डिव्हिडंडवरचा कर ३१ जानेवारीला भरायचा, आणि पहिल्या वेळी त्याच दिवशी पुढच्या वर्षाच्या कराचा अर्धा भागही आगाऊ मागतात. १०,९०० च्या जागी १६,३०० च्या पुढे, आणि ३१ जुलैला आणखी ५,४५०. डिव्हिडंड काढला त्याच दिवशी एवढे पैसे वेगळ्या खात्यात टाका, मगच गावी पाठवायचे ते पाठवा.